पडदा मिटावा, काम चालू राहावे
तळेगाव ढमढेरे येथे पंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्यासमोर केलेले भाषण



वेळ नदीच्या काठी वसलेले तळेगाव ढमढेरे हे जुन्या बाजारपेठेचे गाव. ह्या गावाने हिशेबाच्या वह्या, रोजकीर्दी आणि खतावण्या पिढ्यान्‌पिढ्या पाहिल्या. आज त्या वहीची जागा संगणकाने घेतली आहे. ग्रामपंचायतीचा जमाखर्च २०२० साली सुरू झालेल्या ई-ग्रामस्वराज प्रणालीवर नोंदविला जातो, शाळेतील पटाची माहिती यू-डायस प्लसवर भरली जाते आणि डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा २०१८ पासून घरबसल्या मिळू लागला आहे. वही मिटली की लेखणीचे काम थांबत असे. संगणकाचे तसे नाही. त्याचा पडदा मिटला तरी त्याचे काम चालू राहू शकते. ही साधी गोष्ट नीट समजून घेतली, तर कोणते लाभ होतात आणि न समजल्यास कोणते नुकसान होते, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

पडदा म्हणजे संगणक नव्हे

विहिरीवरील विजेची मोटर रात्रभर पाणी उपसते. तिच्या शेजारी दिवा जळत आहे की नाही, ह्याच्याशी पाण्याचा काही संबंध नसतो. दिवा हवा असतो तो पाहणाऱ्या माणसाला. संगणकाच्या पडद्याचेही तसेच आहे. गणित करणारा, माहिती साठविणारा आणि ती दूरच्या केंद्राकडे पाठविणारा भाग वेगळा. झालेले काम डोळ्यांना दाखविणारा पडदा वेगळा. लॅपटॉपमध्ये हे दोन्ही भाग एकाच पेटीत बसविलेले असल्यामुळे पडदा काळा झाला की यंत्रच बंद पडले, असा समज सहज होतो.

पुणे येथील प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच सी-डॅक, ही संस्था १९८८ साली स्थापन झाली व १९९१ साली तिने ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. अशा महासंगणकात अनेक प्रक्रियक एकाच वेळी काम करीत असतात. प्रत्येकासमोर पडदा नसतो आणि त्याची गरजही नसते. आपल्याच जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातील खोडद येथे, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची विशाल रेडिओ दुर्बीण आहे. तिने टिपलेले संकेत रात्री-अपरात्री संगणकात साठविले जातात; त्यासाठी कोणी प्रत्येक यंत्राचा पडदा उजळून ठेवीत नाही.

झाकण मिटविणे आणि पडदा मिटविणे

घोटाळा होतो तो येथे. काम चालू असताना उठावे लागले म्हणजे आपण सवयीने लॅपटॉपचे झाकण मिटवितो. कारखान्यातून आलेल्या बहुतेक यंत्रांत झाकण मिटताच यंत्र निद्रावस्थेत जावे, अशी योजना केलेली असते. यंत्र निद्रावस्थेत गेले की माहितीची देवाणघेवाण तुटते. शंभर विद्यार्थ्यांची माहिती पाठविली जात असेल तर ती मध्येच अडते. एखाद्या वृद्धेच्या अर्जासोबतची कागदपत्रे चढविली जात असतील तर ती अर्धवट राहतात. पाठविणाऱ्याची मात्र समजूत असते की काम झाले.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठराविक मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. परंतु ही मुदत अर्ज पोहोचल्यापासून मोजली जाणार. जो अर्ज पोहोचलाच नाही, त्याची मुदत कोण मोजणार? झाकण मिटविण्याच्या एका सवयीमुळे एखाद्याची शिष्यवृत्ती किंवा दाखला लांबणीवर पडू शकतो. यास्तव झाकण मिटविणे, यंत्र निजविणे आणि केवळ पडदा मिटविणे ह्या तीन क्रियांतील भेद कार्यालयातील प्रत्येक कर्मचाऱ्यास ठाऊक असला पाहिजे.

पडदा का मिटवावा?

पडदा चालूच ठेवला तर काय बिघडते, असा प्रश्न आपण विचाराल. त्याचे उत्तर तीन प्रकारे देता येईल.

पहिला मुद्दा विजेचा. येथे अतिशयोक्ती करू नये. लॅपटॉपचा पडदा सुमारे ५ वॉट वीज घेतो असे धरले, तर दहा तासांच्या एका रात्रीत ५० वॉट-तास खर्च होतात; म्हणजे वीस रात्रींत एक युनिट वाचेल. ही बचत लहान आहे. टेबलावरच्या संगणकाचा मोठा पडदा २० वॉटचा धरला व तो सायंकाळपासून सकाळपर्यंत सोळा तास उगाच जळत राहिला, तर साधारण तीन रात्रींत एक युनिट वाया जाते. एका टेबलाचा हा हिशेब तालुक्यातील सर्व शाळा व कार्यालये यांना लावून पाहावा.

दुसरा मुद्दा वीज गेल्यावरचा, आणि ग्रामीण भागात तो अधिक महत्त्वाचा. वादळी पावसात वीज गेली म्हणजे सारा भार बॅटरीवर येतो. समजा, बॅटरीत ५० वॉट-तास ऊर्जा आहे आणि हलक्या कामासाठी यंत्र पडद्यासह १२ वॉट घेते. मग ती बॅटरी चार तासांहून किंचित अधिक पुरेल. त्यातील पडद्याचे ५ वॉट वगळले, तर तीच बॅटरी सात तास पुरेल. अपुरे काम तडीस जाण्यास हे तीन तास पुरेसे ठरू शकतात.

तिसरा मुद्दा गोपनीयतेचा, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोठा. सेवा केंद्रात पाच-दहा माणसे नेहमी उभी असतात. पडद्यावर कोणाचा आधार क्रमांक असतो, कोणाच्या बँकखात्याचा तपशील असतो, तर कोणा मुलीची जन्मतारीख व जात असते. कर्मचारी पाणी पिण्यास उठला तरी पडदा उघडाच राहतो. गावाने विश्वासाने दिलेली माहिती अशी चव्हाट्यावर मांडणे योग्य नव्हे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणासाठी संसदेने २०२३ साली कायदा केला आहे. परंतु कायद्याच्या आधी आपली जबाबदारी येते.

काळे चित्र म्हणजे विझलेला पडदा नव्हे

जुन्या काचेच्या नळीच्या पडद्यावर एकच चित्र दीर्घकाळ राहिले तर त्याचा डाग कायमचा उमटत असे. म्हणून हलती चित्रे दाखविणारा ‘स्क्रीन सेव्हर’ आला. तो पडदा जपत असे, वीज नव्हे. विजेच्या बचतीसाठी अमेरिकेत १९९२ साली ‘एनर्जी स्टार’ ही योजना सुरू झाली आणि त्यानंतर संगणकाने पडद्याला विश्रांतीचा संकेत देण्याची पद्धत रूढ झाली.

आजच्या बहुतेक पडद्यांत द्रवस्फटिकांच्या मागे दिवे असतात. स्फटिक स्वतः प्रकाशत नाहीत. ते मागचा प्रकाश अडवितात किंवा सोडतात. म्हणून पडद्यावर काळे चित्र लावले तरी मागचा दिवा जळतच राहतो. खरी बचत तो दिवा विझविण्यात आहे. ओएलईडी जातीच्या पडद्यात मात्र प्रत्येक ठिपका स्वतः प्रकाशतो. तेथे काळा ठिपका विझलेलाच असतो.

करावयाची कृती

विंडोज प्रणालीच्या यंत्रात ‘कंट्रोल पॅनेल’मधील ‘पॉवर ऑप्शन्स’ उघडावे. तेथे यंत्राची कळ दाबल्यावर व झाकण मिटविल्यावर काय व्हावे, हे ठरविता येते. अनेक यंत्रांत कळीपुढे ‘टर्न ऑफ द डिस्प्ले’ असा पर्याय मिळतो. तो निवडला की कळ हलकेच दाबताच केवळ पडदा मिटतो. कळ काही सेकंद दाबून धरू नये. तसे केल्यास यंत्र सक्तीने बंद होते व काम बुडते.

हा पर्याय नसेल, तर ‘पडदा दोन मिनिटांनी मिटावा’ आणि ‘वीजजोडणी असताना यंत्र कधीही निजू नये’ अशा दोन वेगळ्या मुदती ठरवाव्यात. जागेवरून उठताना विंडोजची खूण असलेली कळ व ‘एल’ ही कळ एकत्र दाबून यंत्रास कुलूप लावावे. कुलूप लागले तरी आतील काम चालू राहते आणि पडदा थोड्याच वेळात आपोआप मिटतो. परत आल्यावर पडदा उजळण्यासाठी ‘शिफ्ट’ कळ दाबावी. ‘एंटर’ दाबल्यास अर्धवट अर्ज सादर होण्याचा धोका असतो.

झाकण मिटवूनही काम चालू राहील अशी योजना करता येते. परंतु तसे यंत्र पिशवीत घालू नये, कारण आत कोंडलेली उष्णता बॅटरीस व अन्य भागांस घातक ठरते. काही नव्या यंत्रांत पडदा मिटताच यंत्रही विश्रांतीकडे वळते. म्हणून प्रत्येक कार्यालयाने एकदा प्रयोग करावा. मोठी फाइल उतरविण्यास लावावी, पडदा मिटवावा आणि दहा मिनिटांनी काम पुढे सरकले आहे का, ते पाहावे. महत्त्वाचे काम असेल तेव्हा पोच क्रमांक मिळाल्याखेरीज ते पूर्ण झाले असे मानू नये.

समारोप

शिक्षकबंधूंना विनंती की, हा प्रयोग त्यांनी विद्यार्थ्यांकडूनही करून घ्यावा. यंत्राच्या आत काय चालते आणि बाहेर काय दिसते, ह्यातील भेद मुलांना त्यातून पटेल. पंचायत सदस्यांनी आपल्या केंद्रातील पडदा कोणाच्या दृष्टीस पडतो, हे एकदा रांगेत उभे राहून पाहावे. अधिकाऱ्यांनी ह्या चार सूचना एका कागदावर लिहून प्रत्येक संगणकाशेजारी लावाव्यात.

यासाठी नवे अनुदान लागत नाही, नवे यंत्रही लागत नाही. लागते ती थोडी समज आणि उठताना एक कळ दाबण्याची सवय. जे काम पाहण्याची गरज नाही, त्यासाठी दिवा जाळू नये. आणि ज्या कामावर गावातील कोणाचा हक्क अवलंबून आहे, ते आपल्या सवयीमुळे थांबू देऊ नये, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!