पाण्याबरोबर काय जिरते?

(ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्या मेळाव्यात दिलेले भाषण)



१९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राला पाण्याचे मोल शिकविले. पुढे रोजगार हमी योजनेतून मृदसंधारणाची कामे उभी राहिली, १९८३ मध्ये सर्वंकष पाणलोट क्षेत्र विकासाचा कार्यक्रम हाती घेण्यात आला आणि 'पाणी अडवा, पाणी जिरवा' हे शब्द गावोगाव पोचले. या कामांचे मोल निर्विवाद आहे. तथापि आज मला आपणासमोर एक वेगळा प्रश्न ठेवावयाचा आहे. पाण्याबरोबर जमिनीत आणखी काय जिरते?

माथ्यावर पडलेले पाणी पायथ्याकडे दोन वाटांनी जाते. एक वाट जमिनीवरून, ओघळी-नाल्यांची. या वाटेने मातीचे बारीक कण वाहून जातात आणि त्यांना चिकटलेले स्फुरदही जाते. समपातळी बांध आणि नालाबांध हे नुकसान बऱ्याच अंशी थोपवितात. दुसरी वाट जमिनीखालची आहे. माती, मुरूम आणि काळ्या खडकातील भेगा यांतून उतरत पाणी विहिरीला मिळते.

नत्राची गोष्ट निराळी आहे. युरियातील किंवा शेणखतातील नत्राचे मातीतील जिवाणूंमुळे नायट्रेट बनते. नायट्रेट पाण्यात सहज विरघळते आणि चिकणमातीचे कण त्याला धरून ठेवू शकत नाहीत. पिकाच्या मुळांनी ते वेळीच घेतले नाही, तर झिरपणाऱ्या पाण्याबरोबर ते खाली जाते. बांध मातीला अडवितो, विरघळलेल्या नायट्रेटला अडवीत नाही.

याचा साधा हिशेब पाहू. एक हेक्टर क्षेत्रात १०० मिलिमीटर पाणी जिरले, तर ते दहा लाख लिटर होते. या पाण्याबरोबर केवळ १० किलो नत्र निसटले, तर त्याचे सुमारे ४४ किलो नायट्रेट होते आणि दर लिटरला सुमारे ४४ मिलिग्रॅम हे प्रमाण पडते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे. युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीत २० किलोंहून अधिक नत्र असते, हे ध्यानात घेतले म्हणजे मर्यादा किती जवळ आहे हे कळेल.

हे प्रमाण वाढल्यास सर्वांत मोठा धोका सहा महिन्यांखालील अर्भकांना, विशेषतः वरच्या दुधावर वाढणाऱ्यांना असतो. रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते आणि अंग निळसर पडते. नायट्रेटला रंग नाही, वास नाही. पाणी उकळल्याने ते जात नाही. उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. विरंजक चूर्णाने जंतू मरतात, नायट्रेट तसेच राहते.

म्हणून उपाय विहिरीच्या वरच्या अंगाला करावयाचा आहे. नत्र एकदम न देता पिकाच्या वाढीप्रमाणे हप्त्याने द्यावे आणि मोठ्या पावसाची चिन्हे दिसत असताना देऊ नये. उकिरडे, गोठ्याचे सांडपाणी आणि शौचखड्डे पिण्याच्या विहिरीपासून दूर, उताराच्या खालच्या बाजूस असावेत. विहिरीला कठडा आणि भोवती पक्का ओटा बांधावा. माथ्यावरील गवत व झाडी राखली, तर तेथून जिरणारे स्वच्छ पाणी खालच्या पाण्यातील दोष सौम्य करते.

ग्रामपंचायतीने पिण्याच्या प्रत्येक विहिरीची पावसाळ्यापूर्वी आणि नंतर तपासणी करून निकाल सूचनाफलकावर लावावा. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये गावपातळीवर तपासणी संच देण्याची आणि महिलांना त्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद करण्यात आली. या संचाने दोष दाखविल्यास नमुना प्रयोगशाळेकडे पाठवावा. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून शिवाराचा नकाशा काढून घ्यावा. त्यावर उताराची दिशा, विहिरी आणि उकिरडे दाखविले, की कोणती विहीर धोक्यात आहे हे मुलांनाही कळेल.

जमिनीत मुरलेले प्रदूषण काढून टाकणे फार कठीण आणि खर्चाचे काम आहे. नत्राचा हप्ता ठरविणे किंवा उकिरडा हलविणे हे मात्र गावाच्या हातचे आहे. पाणी जिरविण्याचे व्रत आपण घेतलेच आहे. आता ते स्वच्छ जिरावे, याचीही जबाबदारी आपण घेतली पाहिजे.