वजन उचलणाऱ्याचें धड



आज मला आपल्याशीं बोलावयाचें आहे तें दंड आणि छाती यांविषयीं नव्हे; त्यांचें कौतुक करण्यास घरोघरचे आरसे समर्थ आहेत. मला बोलावयाचें आहे धडाविषयीं, म्हणजे बरगड्यांच्या खालीं आणि मांड्यांच्या वर शरीराचा जो मधला भाग आहे त्याविषयीं. त्याला हल्लीं 'कोअर' म्हणतात व व्यायामशाळांतून हा शब्द मंत्रासारखा कानीं पडतो. निरोगी माणसाला आपण 'धडधाकट' म्हणतों, तेव्हां 'धड' हाच शब्द मला या कामीं सोयीचा वाटतो.

आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरचा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा, किंवा मुलगीहि, संध्याकाळीं जिममध्यें जात असेल. जाणें चांगलेंच. परंतु सहा महिन्यांनीं तोच मुलगा कमरेवर हात ठेवून जिना उतरूं लागतो आणि आई म्हणते, "पुरे झालें तें वजन उचलणें." आईची काळजी रास्त आहे, पण दोष केवळ वजनाचा क्वचितच असतो. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचें असेंच झालें. पाठीला टेकू असलेल्या यंत्रावर बसून तो पायांनीं २०० किलो ढकलीत असे. एके दिवशीं जमिनीवरील ७० किलोची दांडी उचलावयास गेला, आणि वाकला तो वाकलाच. तीन आठवडे अंथरुणावर होता. पायांत बळ होतें, हातांत होतें; मधला दुवा कच्चा राहिला होता. यंत्राच्या पाठटेकूनें त्या दुव्याला वर्षभर काम असें पडूंच दिलें नव्हतें.

हा दुवा इतका महत्त्वाचा कां, हें कण्याकडे पाहिल्यावर कळतें. कणा म्हणजे शरीराचा खांब असें आपण शाळेंत शिकवितों. पण हा खांब स्वतःच्या बळावर उभा नाहीं. कमरेच्या कण्याचा भाग त्याच्या अस्थिबंधांसह, परंतु स्नायूंवांचून, प्रयोगशाळेंत उभा करून त्यावर भार ठेवला, तर सुमारें ९ किलोंच्या भाराखालींच तो लचकतो असें आढळलें आहे. आणि वजनपटू तर त्याच कण्यावर शंभर-दोनशें किलो पेलतो! तंबूचा खांब जसा चोहोंकडून ओढलेल्या तणाव्यांमुळें उभा राहतो, तसाच कणा स्नायूंमुळें उभा आहे. मणक्यामणक्यांना बिलगलेले आंखूड स्नायू, दोन्ही कुशींतले तिरपे स्नायू, पुढचा सरळ स्नायू, आणि या सर्वांच्या आंत कमरपट्ट्यासारखा वेढा घेणारा आडवा स्नायू, हे ते तणावे होत. वर श्वासपटलाचें छत आणि खालीं ओटीपोटाच्या तळाचे स्नायू. श्वास भरून या चारी भिंती आंवळल्या म्हणजे आंत दाब उत्पन्न होतो व धड कठीण बनतें. हवा भरलेलें सायकलचें चाक दोन माणसांस वाहून नेतें, तेंच हवा गेलेलें एकासहि नेत नाहीं. येथें न्याय तोच आहे.

यांतील आडव्या स्नायूचें वर्तन मोठें मनोरंजक आहे. ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलँड विद्यापीठांत पॉल हॉजेस व कॅरोलिन रिचर्डसन यांनीं १९९० नंतरच्या दशकांत असें दाखविलें कीं, निरोगी माणूस हात झटकन् उचलतो तेव्हां हाताचे स्नायू कामाला लागण्याच्या आधींच हा पोटांतला स्नायू आंवळलेला असतो. जुनें कंबरदुखणें असलेल्यांत मात्र तो उशिरां जागा होतो. या शोधावरून पुढें कांहीं शिक्षकांनीं बेंबी आंत ओढून वजन उचलावें असा पाठ सुरू केला. मला तो पटत नाहीं. कोणी गमतीनें पोटांत गुद्दा मारणार असें दिसतांच आपण पोट जसें आपोआप कठीण करतों, आंत ओढीत नाहीं, तसेंच चोहोंकडून कठीण करणें भारी वजनाला अधिक उपयोगी.

वजन उचलण्याच्या खेळाच्या इतिहासांतहि याची साक्ष आहे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकपर्यंत या खेळांत तीन प्रकार होते. त्यांतला 'प्रेस' म्हणजे खांद्यावरची दांडी, गुडघे न वाकवतां, केवळ हातांच्या बळावर डोक्यावर नेणें. नियम सोपा, पण मोह मोठा. खेळाडू कंबर मागें मागें वाकवूं लागले. इतकी कीं उभ्यानें उचलणें कोणतें आणि निजून ढकलणें कोणतें याचा निवाडा पंचांना अवघड झाला. शेवटीं म्युनिकनंतर तो प्रकारच वगळण्यांत आला, आणि त्यामागें कमरेच्या इजेची चिंताहि होती. उरले ते 'स्नॅच' आणि 'क्लीन अँड जर्क'. स्नॅचमध्यें दांडी डोक्यावर, हात ताठ, आणि माणूस उकिडवा बसलेला! या स्थितींत धड जरा सैल पडलें तरी दांडी पुढें तरी जाते, मागें तरी.

आपल्या मीराबाई चानू यांना २०१८ मध्यें कमरेच्या दुखापतीमुळें जाकार्ताचे आशियाई खेळ सोडावे लागले होते. त्याच बाईंनीं २०२१ मध्यें तोकियोला ४९ किलोंच्या गटांत ८७ आणि ११५ असे २०२ किलो उचलून रौप्यपदक मिळविलें. ११५ म्हणजे शरीराच्या वजनाच्या दुपटीहूनहि अधिक. अर्थात् धड पक्कें झालें कीं सर्व इजा टळतात असें कोणी समजूं नये. सांगलीच्या संकेत सरगर यांना २०२२ च्या बर्मिंगहॅम स्पर्धेंत कोपराच्या दुखापतीनें गांठलें आणि एका किलोनें सुवर्ण हुकलें.

शरीरसौष्ठवाच्या छांदिष्टांचा प्रश्न थोडा निराळा आहे. त्यांना पोट हवें असतें तें दिसण्यासाठीं. पोटावरच्या त्या सहा वड्या म्हणजे पुढच्या सरळ स्नायूला मधूनमधून छेदणाऱ्या कंडरांच्या रेघा होत. त्या प्रत्येकाच्याच पोटांत असतात, वर चरबी असल्यामुळें दिसत नाहींत एवढेंच. शेंकडों उठाबशा काढून तेवढ्याच जागची चरबी झडत नाहीं. तें काम ताटापाशीं होतें. वड्या दिसणें आणि धड बळकट असणें या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हें मुलांना कोणीतरी सांगावयास हवें.

आमच्या तालमींत हा विषय नांवानें कधीं निघत नसे. जोर काढतांना, मुद्गल फिरवितांना, मल्लखांबाला पोटरीची आढी घालून अधांतरीं लोंबतांना धडाला आपोआप राबावें लागे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें १९३६ मध्यें बर्लिनला जाऊन आपल्या व्यायामांचीं प्रात्यक्षिकें केलीं होतीं. पूर्वजांना सर्व शास्त्र ठाऊक होतें असें म्हणण्याचा मोह मला होत नाहीं. पण तालमींत पाठटेकू नव्हता, हें मात्र खरें.

आतां करावयाचें काय? कॅनडांतील वॉटर्लू विद्यापीठाचे निवृत्त प्राध्यापक स्टुअर्ट मॅकगिल यांनीं कण्याच्या अभ्यासांत आयुष्य वेंचलें. त्यांनीं तीन साधे व्यायाम सुचविले आहेत. उताणें निजून, एक गुडघा वाकवून, हात कमरेखालीं ठेवून डोकें व खांदे किंचित् उचलणें. कुशीवर कोपर टेकून कंबर उचलून धरणें. आणि गुडघे-तळवे टेकून उजवा हात व डावा पाय, मग डावा हात व उजवा पाय, सरळ ताणणें. प्रत्येक वेळीं सुमारें १० सेकंद धरावें, सोडावें, पुन्हा धरावें. तासभर थरथरत राहण्याची गरज नाहीं. यांत माझी एक भर: पाण्यानें भरलेली बादली एकाच हातांत घेऊन, अंग त्या बाजूला झुकूं न देतां, घरांत या टोंकापासून त्या टोंकापर्यंत चालावें, मग हात बदलावा. कुशीच्या स्नायूंना याहून स्वस्त गुरु मला माहीत नाहीं.

चामडी पट्ट्याविषयीं नेहमीं विचारतात. पट्टा पोटाला रेटण्यासाठीं भिंत देतो. पोटच रेटीत नसेल तर तो नुसता दागिना. श्वास कोंडण्याविषयींहि सांगितलें पाहिजे. १९८५ मध्यें कॅनडांतच पांच मुरब्बी शरीरसौष्ठवपटूंचा रक्तदाब भारी वजन ढकलतांना धमनींत नळी घालून मोजला, तो सरासरीनें ३२० पर्यंत चढलेला आढळला. तरुण निरोगी माणसाला तो क्षणभर सोसतो. रक्तदाब किंवा अंतर्गळ असलेल्या पन्नाशीच्या गृहस्थांनीं मात्र वैद्यांना विचारल्यावांचून श्वास कोंडून वजन उचलूं नये.

आणि कंबर दुखत असतां वेदना पायांत उतरली, पाऊल बधिर झालें, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवावें. लघवीवरचा ताबा सुटला किंवा मांड्यांमधली जागा बधिर वाटूं लागली, तर रात्र असली तरी सकाळची वाट पाहूं नये. त्याच घटकेला रुग्णालय गांठावें.