वाट आधी, चाक मागून

कधी तरी तुमच्या गावावरून एखादे भले मोठे धूड जाताना तुम्ही पाहिले असेल. पवनचक्कीचे लांबलचक पाते, विजेचे रोहित्र, नाही तर साखर कारखान्याचा बॉयलर. पुढे लाल बावट्याची जीप, मागे डझनावारी चाकांचा ट्रेलर आणि दोन्ही अंगांनी चालणारी माणसे. पोरे पाहायला धावतात आणि म्हातारी माणसे विचारतात, "एवढे हे आणले तरी कसे?" या प्रश्नाचे उत्तर आज मी देणार आहे, कारण असा माल पोचता करणारा दलाल म्हणून माझी हयात गेली आहे.

दलाल म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे अडत बाजार उभा राहतो. मालाला हात न लावता पैसे घेणारा माणूस! आमचाही लौकिक काही निराळा नाही. पण खरे सांगायचे तर, ट्रेलरचे चाक फिरते त्या दिवशी माझे बहुतेक काम संपलेले असते. माझे काम चाकाआधी वाट चालण्याचे.

साधारण मालमोटारीला नियमाने २.६ मीटर रुंदी आणि २०२० सालच्या दुरुस्तीपासून ४ मीटर उंची चालते. माल याबाहेर गेला की परवाना लागतो. पहिला प्रश्न हाच, की मालाचे तुकडे करता येतात का? येत असतील तर परवान्याचे नावच नको. दोन खेपा करा. तुकडे होण्यासारखे नसतील तरच पुढची बोलणी.

मग वाट कुणाची ते पाहायचे. राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा, राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याचा, गावचा रस्ता बहुधा जिल्हा परिषदेचा. तारा वीज कंपनीच्या, फाटक रेल्वेचे, बंदोबस्त पोलिसांचा. वाट एकच, पण तिचे धनी अनेक. विजेवरच्या रेल्वेच्या फाटकाशी दोन्ही बाजूंना लोखंडी कमान असते ना? तिच्याखाली ४.६७ मीटर मोकळी जागा असते. त्याहून उंच माल न्यायचा तर रेल्वेची वेगळी परवानगी काढून वरच्या तारेतला प्रवाह बंद करून घ्यावा लागतो. वरची तार पंचवीस हजार व्होल्टची. तिथे धाडसाचे काम नाही.

पुलाची गोष्ट आणखी निराळी. बैलगाडीची अरुंद धाव चिखलात रुतते आणि रुंद रबरी टायर तरून जातो, हे शेतकऱ्याला शिकवायला नको. म्हणून जड माल पुष्कळ आसांच्या ट्रेलरवर वाटून ठेवतात. तरीही पुलावर एका वेळी तेवढे एकच वाहन, तेही मधोमध, तासाला पाच किलोमीटरच्या चालीने. आणि पुलावर ब्रेक दाबायचा नाही, कारण त्या हिसक्याचा जोर पुलाच्या खांबांवर येतो. माल एकदा जातो. पूल मात्र गावाला रोज लागतो.

आता माझी एक चूक सांगतो. एका साखर कारखान्यासाठी रस आटवायचे मोठे पॅन न्यायचे होते. ट्रेलरसकट उंची ५.३ मीटर. पौषात, सकाळच्या प्रहरी, मी स्वतः वाट मोजली. एका गावाशी रस्त्यावरून गेलेली विजेची तार ५.७ मीटरवर भरली. तेवढी फट पुरे, असे समजून मी कागद पुरे केले. पॅन तयार व्हायला उशीर झाला आणि माल निघाला वैशाखात. भर दुपारी त्या गावाशी आलो, तर तार वीतभर खाली आलेली!

मागे वाहनांची रांग लागली. माझ्यातला एक माणूस बांबू घेऊन तार उचलायला ट्रेलरवर चढू लागला. तेवढ्यात गर्दीतून गावचे शिक्षक पुढे आले आणि त्यांनी त्याचे मनगट धरले. "खाली उतर. ओल्या बांबूतूनसुद्धा वीज उतरते." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "साहेब, तार मोजली होती का?"

"मोजली होती, गुरुजी. पौषात."

"मग पौषातली तार वैशाखात कशी राहील? धातू उष्णतेने प्रसरण पावतो, हे आमची शाळेतली पोरेसुद्धा सांगतील."

मी मान खाली घातली. वीज कंपनीची माणसे येऊन प्रवाह बंद करून तार वर घेईपर्यंत चार तास गेले. तेवढा वेळ गावच्या पाण्याचा पंप बंद. टाकीपाशी बायाबापड्या हंडे मांडून उन्हात बसलेल्या मी पाहिल्या. माझ्या एका जुन्या आकड्याचा भुर्दंड त्यांनी भरला. आणि तो बांबू वर गेला असता तर? त्या दिवसापासून माल निघण्याच्या आठवड्यात मी वाट पुन्हा मोजतो, आणि तार भर दुपारीच मोजतो, वीज न वाहणाऱ्या फायबरच्या काठीने.

घाई या धंद्याला मानवत नाही. तिरुअनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्रासाठी एक अजस्र यंत्र जुलै २०१९ मध्ये महाराष्ट्रातून रस्त्याने निघाले. वजन सुमारे ७० टन. दिवसाकाठी पाचेक किलोमीटरची मजल. मध्ये टाळेबंदीही आली. ते पोचले जुलै २०२० मध्ये! वर्ष लागले, पण यंत्र पोचले.

श्रोतेहो, एखादा माणूस काठी घेऊन तुमच्या गावची वाट मोजताना दिसला तर त्याला हटकू नका. पावसाळ्यात कुठल्या मोरीवरून पाणी जाते, कुठला कठडा खचला आहे, हे त्याला सांगा. ते त्याच्या कागदावर नसते. तुम्हाला ठाऊक असते. आणि गुरुजींनो, धातूच्या प्रसरणाचा धडा आला की मुलांना वर्गाबाहेर न्या आणि लांब उभे राहून तार दाखवा, एकदा पौषात, एकदा वैशाखात. मला तो धडा फार उशिरा मिळाला.