साइट बंद पडली ते परवडलं, खोटं बोलली ते नाही

(हे या भागाचं लिखित रूप आहे. बोलण्याचा सूर तसाच ठेवलाय, फक्त अडखळणं काढलंय.)

आज पाहुणा कोणी नाही, मी एकटाच आहे. मागे आवाज येतोय तो पंख्याचा नाही, पत्र्यावरच्या पावसाचा आहे. गगनबावड्यात बसून रेकॉर्ड करायचं म्हटलं की जून ते सप्टेंबर हा आवाज फुकट मिळतो.

बऱ्याच जणांनी विचारलं होतं, "भावा, छोटी साइट काढलीय, आता लोक वाढले आणि सर्व्हर मान टाकतोय, काय करू?" उत्तर म्हणून आमचीच गोष्ट सांगतो. त्यात आम्ही हुशारी केली तेही आहे आणि तोंडावर पडलो तेही आहे.

आम्ही चार मित्रांनी एक साधी साइट काढली होती. कुठला रस्ता चालू, कुठला बंद, पाऊस किती, गाडीत जागा आहे का, एवढंच. ज्यांना इकडचं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गगनबावड्यातून कोकणात उतरायला दोन घाट आहेत, करूळ आणि भुईबावडा. आणि कोल्हापूरकडे जायला एक रस्ता, जो जोराच्या पावसात कुंभीच्या पाण्याखाली जातो. म्हणजे खाली दरड, वर पूर, आणि मध्ये आम्ही.

जानेवारी २०२४ मध्ये करूळ घाट कामासाठी बंद झाला. तो अख्खा पावसाळा तसाच गेला. सगळ्यांना एकच प्रश्न, "भुईबावडा चालू आहे का?" आमच्या साइटवर रोज चाळीस-पन्नास माणसं यायची, ती हजारांत गेली. आम्ही खूश. आणि जुलैत एका सकाळी साइट उघडली तर पांढऱ्या पानावर एकच ओळ : ५०८, रिसोर्स लिमिट संपली.

याचा अर्थ काय? आम्ही घेतलं होतं शेअर्ड होस्टिंग. वाड्यात चाळीस भाडेकरू आणि गच्चीवर एकच टाकी, तसा प्रकार. जाहिरातीत 'अनलिमिटेड' लिहिलेलं असतं, पण ते बहुतेक वेळा जागेबद्दल असतं. प्रोसेसर किती वापरायचा, एका वेळी किती विनंत्या चालवायच्या, याला मर्यादा असतेच. ती बारीक अक्षरात असते आणि आम्ही वाचली नव्हती. कंपनीला दोष देत बसलो नाही. मोठा प्लॅन घेतला, तीन दिवस बरे गेले, चौथ्या दिवशी परत तेच.

तेव्हा डोकं चाललं, की टाकी लहान आहे हे खरं, पण आपला नळही उघडाच आहे.

एसटी स्टँडवरची चौकशीची खिडकी डोळ्यासमोर आणा. प्रत्येक माणूस विचारतोय, "वैभववाडी गाडी लागली का?" आणि कंट्रोलर प्रत्येक वेळी उठून फलाटावर जाऊन बघून येतोय. शंभर माणसं, शंभर फेऱ्या. आमचा सर्व्हर नेमका हेच करत होता. कोणीही पान उघडलं की डेटाबेसमध्ये जाऊन सगळे जुने निरोप मोजायचा, मग पान बनवायचा. वर लोकांनी मोबाइलवरून टाकलेले पाच-पाच एमबीचे धबधब्याचे फोटो तसेच्या तसे.

शहाणा कंट्रोलर काय करतो? फळ्यावर लिहून ठेवतो. एकदा बघितलं, शंभर जणांनी वाचलं. यालाच कॅश म्हणतात. पान एकदा बनवायचं, त्याची प्रत ठेवायची आणि सगळ्यांना तीच द्यायची. आम्ही ते केलं. फोटो अपलोड होतानाच लहान करायला लागलो. डेटाबेसची स्लो क्वेरी लॉग नावाची सोय असते, कुठली क्वेरी किती वेळ खाते ते त्यात दिसतं. ती चालू केली, एका टेबलाला इंडेक्स लावला. झालं. त्याच जुन्या सर्व्हरवर साइट पळायला लागली. आम्ही चहा-भजी केली.

आता तोंडावर पडल्याची गोष्ट.

जुलैच्या शेवटी पाऊस ऐकेना. एक गृहस्थ वैभववाडीकडून वडिलांना डायलिसिससाठी कोल्हापूरला न्यायला निघाले. निघताना आमची साइट बघितली : 'कोल्हापूर रस्ता चालू'. भुईबावडा चढून वर आले, पुढे गेले, तर मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी. आमच्या एका सभासदाने दोन तासांपूर्वीच 'रस्ता बंद' असं टाकलं होतं. डेटाबेसमध्ये ते होतं, पण पानाची जी प्रत आम्ही सगळ्यांना वाटत होतो ती सकाळची होती. कॅश सहा तासांची ठेवली होती मी. मीच.

ते परत घाट उतरून गेले. डायलिसिस एक दिवस उशिरा झालं. वडील ठीक आहेत. पण त्यांनी फोनवर जे सांगितलं ते मी विसरणार नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ते शांतपणे म्हणाले, "साइट बंद असती तर मी कोणाला तरी फोन करून विचारलं असतं. चालू होती, म्हणून फसलो."

मंडळी, या भागात लक्षात ठेवायचं ते एवढंच. फळा चांगला, पण पुसणारा माणूस हवा. बंद पडलेली साइट लोकांना कळते. जुनी माहिती ताजी म्हणून दाखवणारी साइट कळत नाही.

त्या रात्री बसून आम्ही तीन गोष्टी बदलल्या.

एक, सगळ्या पानांना एकच नियम लावायचा नाही. जुने फोटो, जुन्या गप्पा यांची प्रत दिवसभर राहिली तरी चालते. रस्त्याच्या पानाची प्रत फक्त एक मिनिट. आणि कोणी 'बंद' टाकलं की ती प्रत त्याच क्षणी पुसायची.

दोन, वेळ ठळक अक्षरात लिहायची. 'शेवटची खात्री : सकाळी ७.१०'. दोन तासांत कोणी खात्री केली नाही तर पान स्वतःच सांगतं, 'माहिती जुनी आहे, निघण्याआधी फोन करून विचारा.'

तीन, रस्त्याचं पान अगदी हलकं करायचं. चित्र नाही, डेटाबेस नाही, नुसता मजकूर, तोही दुसऱ्या ठिकाणी ठेवलेला. मुख्य सर्व्हर पडला तरी ते पान उघडतं, आणि घाटात रेंजची एक कांडी असली तरी उघडतं.

गर्दीत साइट पडणं यात लाज वाटून घेऊ नका. १६ जुलै २०२१ ला दहावीचा निकाल होता, आठवतंय? दुपारी एक वाजता निकाल आणि साइट काही तास उघडतच नव्हती. ज्या दिवशी सगळ्यांना हवी असते त्याच दिवशी साइटची खरी परीक्षा असते. म्हणून तयारी करायची ती सरासरी दिवसाची नाही, सगळ्यात वाईट दिवसाची.

बॅकअपबद्दल थोडं. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. बऱ्याच साइट गेल्या, आणि काहींचे बॅकअपही त्याच आगीत गेले, कारण ते तिथेच ठेवले होते. म्हणजे दागिने आणि दागिन्यांची पावती एकाच कपाटात. दुसरं उदाहरण गिटलॅबचं. ३१ जानेवारी २०१७ ला एका इंजिनीअरकडून चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला गेला. बॅकअपच्या पद्धती अनेक होत्या, पण वेळेला त्या उपयोगी पडल्या नाहीत. योगायोगाने सहा तास आधी घेतलेली एक प्रत सापडली म्हणून निभावलं. आम्ही आता महिन्यातून एकदा बॅकअपवरून साइट खरोखर उभी करून बघतो. उभी राहिली तरच तो बॅकअप.

आणि पैसे. वर्षाचे काही हजार चौघांच्या खिशातून जायचे, त्यावरून कुरबुरी व्हायच्या. आता गणपतीच्या वर्गणीसारखं करतो : कोणी पन्नास, कोणी दोनशे, आणि हिशोब साइटवरच. डोमेनचा पासवर्ड एकाकडे नाही, दोघांकडे असतो. मायबोली १९९६ मध्ये सुरू झाली, तेव्हा युनिकोड मराठी अजून घरोघर पोहोचायची होती. आज एवढ्या वर्षांनीही लोक तिथे येतात. फॉन्ट बदलतात, सर्व्हर बदलतात, पण कोणीतरी रोज फळा पुसत असतं, म्हणून जागा टिकते.

तर तुमची साइट वाढत असेल तर मोठा सर्व्हर घ्यायच्या आधी एक प्रश्न विचारा : आपली कुठली माहिती जुनी झाली तर कोणाचं नुकसान होईल? सुरुवात तिथून करा.

ते गृहस्थ आता आमचे सभासद आहेत. वैभववाडीकडची खात्री रोज सकाळी सगळ्यात आधी तेच टाकतात.

चला, पाऊस वाढलाय, लाइट जायच्या आत थांबतो. भेटू पुढच्या भागात.