दोरी सगळ्यात शेवटी

सोलापूरला समुद्र नाही, तरी बोटीच्या मोटारी दुरुस्तीला नवी पेठेत येतात. कारण आहे उजनी. भीमेवरच्या या धरणाचं पाणी उन्हाळ्यात मायनसमध्ये, म्हणजे उपयुक्त साठ्याच्याही खाली जातं, काठ मागे सरकतो आणि होड्या चिखलात बसतात. मग मोटार काढून कुणी गोठ्यात टेकवतो, कुणी पडवीत. साल दुष्काळी गेलं, तर ती दीड-दोन वर्षं तशीच राहते. पुढे पुण्याकडं पाऊस होतो, धरण भरू लागतं आणि चार जण पाळीपाळीनं तिची सुरू करायची दोरी ओढायला लागतात.

माझं सांगणं आहे, की दोरी सगळ्यात शेवटी ओढायची. पडून राहिलेली मोटार बहुतेक वेळा खराब झालेली नसते. तिच्यातलं पेट्रोल खराब झालेलं असतं आणि रबर वाळलेलं असतं. ते न बघता ओढत राहिलात, तर चांगली मोटारही बिघडेल.

आधी पेट्रोल. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. साखर कारखान्यांच्या आपल्या जिल्ह्याला इथेनॉल नवं नाही. ताजं असताना त्यावर मोटार चालते, पण साठवलं की इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. पाणी फार झालं, की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसतात, आणि मोटारीची नळी ओढते ती तळाचंच. म्हणून जुनं पेट्रोल सगळं काढा. त्यात नवं मिसळून भागवू नका. काढलेलं गटारीत किंवा धरणात ओतू नका. बंद कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याच्या हवाली करा. हे काम उघड्यावर करायचं, आणि विडी-काडी लांब ठेवायची.

टू-स्ट्रोक मोटारीला पेट्रोलमध्ये तेल लागतं. बऱ्याच मोटारींना प्रमाण ५० ला १, म्हणजे १ लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर तेल. जुन्या मोटारींना जास्त लागू शकतं, तेव्हा मोटारीचं पुस्तक बघा. तेल बोटीच्या मोटारीचंच घ्या. डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं असतं. फोर-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये तेल मिसळायचं नाही, इंजिनातलं तेल बदलायचं.

पेट्रोलच्या नळ्या वाकवून बघा. भेग दिसली, की नळी बदला. फिल्टरही बदला. हातानं दाबायचा रबरी बल्ब चार-सहा वेळा दाबल्यावर कडक झाला पाहिजे. होत नसेल तर कुठून तरी हवा शिरते आहे किंवा बल्बातली झडप गेली आहे. नंतर कार्ब्युरेटर. आटलेल्या पेट्रोलचा डिंकासारखा थर त्यातल्या जेटच्या बारीक भोकात बसतो. तो क्लीनर आणि हवेच्या दाबानं काढा. तार किंवा टाचणी घालू नका. भोक जरा जरी मोठं झालं, तरी मोटार पेट्रोल जास्त पिते.

आता प्लग काढा. प्लगच्या भोकातून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन तेल सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी दोरी अगदी सावकाश ओढून बघा. पिस्टन अडकत असेल तर जोर लावू नका, मेकॅनिक गाठा. मोकळा फिरला, तर नवे प्लग बसवा.

बोटीची मोटार ज्या पाण्यात चालते, त्याच पाण्यानं थंड होते. ते पाणी वर चढवतो खालच्या भागातला रबरी पात्यांचा इंपेलर. मोटार पडून राहिली, की पाती एका बाजूला वाकून कडक होतात. इंपेलर दिसायला बरा असला, तरी नवा बसवा. इंजिनच्या खर्चापुढे तो खर्च काहीच नाही. पाणी आत घेणाऱ्या जाळीतला गाळ आणि जलपर्णीच्या मुळ्या काढा. पाणी बाहेर टाकणारं बारीक भोकही तपासा. कुंभारीण माशी तिथं मातीचं घर करते.

गियरच्या पेटीला दोन स्क्रू असतात. आधी खालचा काढा, मग वरचा. तेल दुधासारखं पांढरं निघालं, तर आत पाणी शिरलं आहे, सील बदलावं लागेल. नवं तेल खालच्या भोकातून भरा, वरच्या भोकातून येईपर्यंत. पंखाही काढून बघा. त्याच्यामागे दांड्याला जाळ्याचा दोरा गुंडाळलेला असला, तर तोच सील कापतो.

एवढं झालं, की दोरी. मोटार कोरडी कधीच चालवू नका. काही सेकंदांत इंपेलरची पाती जातात. मोठ्या पिंपात पाणी भरा. पंख्याच्या वरची आडवी पट्टी पाण्याखाली गेली पाहिजे. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू सैल करा, मोटार न्यूट्रलमध्ये ठेवा, बंद करायच्या बटणाची क्लिप जागेवर आहे ना ते बघा. ही क्लिप विसरल्यामुळे धडधाकट मोटारीही दुरुस्तीच्या दुकानापर्यंत येतात. सुरू झाल्यावर आधी धूर होईल. तो सिलिंडरमध्ये सोडलेल्या तेलाचा असतो. तुमची नजर मात्र पाण्याच्या धारेवर हवी. धार आली नाही, तर मोटार लगेच बंद करा. धार नीट असेल तर दहा मिनिटं मंद चालू द्या.

पहिली फेरी काठाकाठानंच मारा. बरोबर वल्ही घ्या, आणि बोटीत जितकी माणसं तितकी लाइफ जॅकेट अंगावर हवीत. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट उजनीत वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. मोटार कितीही चांगली असली, तरी तसल्या वाऱ्यापुढे तिचं काही चालत नाही. आभाळ भरलं, वारं सुटलं, की बोट काठालाच ठेवा.

आणि हंगाम संपला, की पेट्रोलची नळी काढून मोटार आपोआप बंद पडेपर्यंत पाण्यात चालवा, टाकी रिकामी करा, प्लगच्या भोकात थोडं तेल सोडा आणि मोटार उभी ठेवा. अर्ध्या तासाचं काम आहे. तेवढं केलंत, तर पुढच्या पावसाळ्यात नवी पेठेपर्यंत यायची गरज पडणार नाही.