लोखंड, थंडी आणि एमआरआयचं चुंबक



हळदीला पाणी देताना मोटार बराच वेळ चालली की तिची वायर गरम होते. तारेतून जाताना विजेला अडथळा होतो आणि थोडी वीज उष्णता होऊन वाया जाते. काही पदार्थ मात्र खूप थंड केले की त्यांतला हा अडथळा एकदम शून्य होतो. याला अतिसंवाहकता म्हणतात. हॉलंडमध्ये कामरलिंग ओनेस यांना 1911 साली ती पाऱ्यात दिसली, उणे 269 अंशांना. पाण्याचा बर्फ होतो शून्य अंशाला, त्यावरून या थंडीचा अंदाज करा.

हे कसं घडतं? फुगडी आठवा. विजेचे कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, या थंडीत जोड्या करतात. प्रत्येक कण हे एक इवलंसं चुंबकच. फुगडीत दोघींची तोंडं समोरासमोर असतात, तशा जोडीतल्या दोन चुंबकांच्या दिशा उलट असतात. शेजारी जोरदार चुंबकत्व आलं की ते दोघांना एकाच दिशेला वळवू पाहतं आणि हात सुटतात. म्हणून लोखंडाचं इथे काही काम नाही, असंच बरीच वर्षं मानलं जाई.

ही समजूत हळूहळू बदलली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 1994 मध्ये निकेल असलेल्या एका संयुगात अतिसंवाहकता दाखवली. निकेलही चुंबकाला चिकटणाराच धातू. त्याच घराण्यातल्या काही संयुगांत तर चुंबकत्व आणि अतिसंवाहकता एकत्र नांदताना दिसली. 2008 मध्ये जपानच्या होसोनो यांच्या गटाने लोखंड आणि आर्सेनिक असलेलं संयुग उणे 247 अंशांना अतिसंवाहक करून दाखवलं.

खरी गंमत पुढे आहे. 2012 मध्ये चीनमधल्या शास्त्रज्ञांनी लोखंड आणि सेलेनियमचा एकच थर दुसऱ्या एका पदार्थावर चढवला. केसाच्या जाडीत असे लाखभर थर मावतील, इतका तो पातळ. याच संयुगाचा जाड तुकडा उणे 265 अंशांपर्यंत थंड करावा लागतो. या पातळ थरात मात्र पुढच्या प्रयोगांत उणे 208 अंशांच्या आसपासच अतिसंवाहकतेच्या खुणा दिसल्या.

हे घडतं दोन पदार्थांच्या बांधावर. शेजारच्या शेताला पाणी दिलं की ओल आपल्या बांधापर्यंत पाझरते, तसे खालच्या पदार्थातले इलेक्ट्रॉन वरच्या थरात येतात. खालच्या अणूंची थरथरही जोड्या टिकवायला मदत करते, असं अनेक शास्त्रज्ञांना वाटतं. लोखंडाच्या चुंबकत्वाचा यात वाटा किती, यावर अजून वाद चालू आहे.

आपल्याला याचं काय? एमआरआय यंत्रातलं मोठं चुंबक अतिसंवाहक तारांचंच असतं. ते थंड ठेवायला द्रवरूप हेलियम लागतो आणि तो महाग असतो. कमी थंडीत काम करणाऱ्या तारा मिळाल्या, तर अशी यंत्रं स्वस्त होऊन सेनगाव, कळमनुरीसारख्या ठिकाणीही परवडू शकतील. ते अजून प्रयोगशाळेत आहे. आजचं यंत्र कसं वापरायचं, हे मात्र आपल्या हातात आहे.

ते चुंबक तपासणी नसतानाही चालूच असतं. 2018 मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेलेला रुग्णाचा नातेवाईक यंत्राकडे ओढला गेला आणि दगावला. म्हणून पदराची टाचणी, केसांचे आकडे, किल्ल्या, मोबाईल, चिल्लर बाहेरच ठेवा. मंगळसूत्र, जोडवी, बांगड्याही उतरवा. तासाभरासाठी मंगळसूत्र काढल्याने कोणताही अपशकुन होत नाही. सासूबाईंची तपासणी असेल तर त्यांनाही हे घरीच समजावून सांगा. तांबी, पेसमेकर, हाडात घातलेली सळई किंवा पोटात बाळ असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा.

पुढच्या गटाच्या बैठकीत ही यादी एकदा मोठ्याने वाचा आणि ज्या मैत्रिणी आल्या नसतील त्यांच्यापर्यंतही पोचवा.