दिव्य, द्वंद्व आणि राजीनामा

दिव्य हा शब्द आजच्या मराठीत कोणत्याही कठीण प्रसंगासाठी सैलपणे वापरला जात असला, तरी शिवकाळात आणि पेशवाईत तो न्यायप्रक्रियेतील एका ठरीव पायरीचा वाचक होता. त्याच काळात वादी-प्रतिवादी न्यायसभेपुढे 'सभा करील तो निवाडा मान्य' असे जे लिहून देत, त्या लेखाला राजीनामा म्हणत. पद सोडण्याचे पत्र हा त्या शब्दाचा अर्थ मागाहूनचा. या परिषदेच्या अध्यक्षपदावरून मांडावयाचे प्रतिपादन इतकेच, की यांतील पहिल्या शब्दाचा उलगडा दुसऱ्यावाचून होत नाही आणि दिव्याला केवळ अंधश्रद्धेच्या खाती टाकणारा अभ्यासक त्यातला कायदा पाहायचाच विसरतो.

धर्मशास्त्राने प्रमाणांचे दोन वर्ग केले होते. लिखित म्हणजे कागद, साक्षी, आणि भुक्ती म्हणजे प्रत्यक्ष वहिवाट, ही मानुष प्रमाणे असून ती अपुरी पडली तरच दिव्याकडे वळावे, असा याज्ञवल्क्यस्मृतीचा दंडक आहे. तुला, अग्नी, जल, विष आणि कोश ही पाच दिव्ये सांगताना स्मृतिकार अशी अट घालतो, की ती भारी आरोपातच द्यावीत आणि आरोप करणारा, तो खोटा ठरल्यास दंड सोसण्यास तयार असेल तरच द्यावीत. अग्निदिव्यात पन्नास पळे वजनाचा तापलेला लोखंडी गोळा पिंपळाच्या सात पानांवरून हाती घेऊन सात मंडले ओलांडावी लागत. परंतु त्याआधी तळहातांवर भात चोळून तीळ, घट्टे, जुने व्रण पाहून ठेवीत, आणि मिताक्षराकार विज्ञानेश्वर त्या जागा अळित्याने खुणावून घ्यावयास सांगतो, म्हणजे नंतरच्या पाहणीत जुना डाग नवा ठरू नये. देवाचा कौल मागणाऱ्या शास्त्राने आधी हातावरचे घट्टे नोंदवून घ्यावेत, ही सावधगिरी भाबड्या माणसांची नव्हे.

मराठी मुलखात रूढ झाले ते रवादिव्य, म्हणजे कढत तेलातून किंवा तुपातून धातूचा तुकडा हाताने काढणे. स्मृतींतील तप्तमाषाचाच हा देशी अवतार होय. पाटीलकी, देशमुखी किंवा घराण्यातील वडिलकी यांवरून तंटा पेटला आणि कागद जळालेले वा लुटले गेलेले असले, म्हणजे प्रकरण गोतसभेपुढे, म्हणजे वतनदार, पाटील, कुलकर्णी आणि बलुतेदार यांच्या बैठकीपुढे येई. दिव्य करणाऱ्याची नखे काढीत, हात धुऊन पाहत, त्यावर पिशवी बांधून मोहर करीत. देवळापुढे कढई चढे, रवा निघे, हात पुन्हा पिशवीत जाई, आणि तिसऱ्या दिवशी सर्वांसमक्ष मोहर फोडून हात पाहिला जाई. हरलेल्याकडून येजितखत, म्हणजे हार कबूल असल्याचा लेख, घेतला जाई आणि निवाड्याचा साक्षींसह महजर होई. तापत्या कढईआधी राजीनामा आणि निवल्यावर येजितखत, अशा दोन कागदांच्या मध्ये हे दिव्य बसविलेले होते. बेलभंडार उचलून केलेली शपथ ही याचीच सौम्य बहीण. तिथे हाताऐवजी कुळाची पुण्याई पणाला लागे.

युरोपात अग्नी आणि पाणी यांच्या जोडीला द्वंद्व हा तिसरा मार्ग होता. सहाव्या शतकाच्या आरंभी बर्गंडीचा राजा गुंडोबाद याने तो कायद्यात आणला, आणि कारण रोखठोक होते: लोक खोट्या शपथा बिनदिक्कत घेत होते. १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मसभेने पुरोहितांना अग्निदिव्यावर आशीर्वाद देण्यास मनाई केली, तेव्हा ते दिव्य लवकरच मावळले. द्वंद्वाला मात्र पुरोहिताची गरज नसल्याने ते इंग्लंडच्या कायद्यात सहाशे वर्षे टिकून राहिले. जमिनीच्या दाव्यात पक्षकार स्वतः न लढता मल्ल नेमीत. शिंगाचे टोक बसविलेले सोटे आणि चामड्याच्या ढाली घेऊन ते झुंजत, आणि आकाशात तारे दिसेपर्यंत बचाव करणारा उभा राहिला तर दावा त्याचा होई. हे मल्ल भाड्याने मिळत, ही या पद्धतीची उघड लंगडी बाजू होती.

१८१७ च्या नोव्हेंबरात शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले, आणि त्याच महिन्यात लंडनला वेस्टमिन्स्टरच्या न्यायालयात अब्राहम थॉर्नटन नावाच्या आरोपीने हातमोजा जमिनीवर टाकून द्वंद्वाचा हक्क मागितला. १८१८ मध्ये न्यायाधीशांना तो हक्क कायद्याने जिवंत असल्याचे कबूल करावे लागले, फिर्यादी लढण्यास धजला नाही, थॉर्नटन सुटला, आणि १८१९ मध्ये पार्लमेंटने तो मार्ग घाईने बंद केला. दख्खनच्या न्यायरीतींना रानटी म्हणणाऱ्यांच्या मायदेशातील ही स्थिती ध्यानी ठेवावी, एवढेच. त्यावरून मराठेशाहीची पाठ थोपटण्याचे कारण नाही. महजर जपले गेले ते बहुधा जिंकलेल्यांच्या घरी, त्यामुळे भाजलेल्या हाताची बाजू दप्तरांत क्वचितच भेटते, आणि गोताच्या धाकाने सही केलेला राजीनामा कितपत राजीखुशीचा होता, हे कागद सांगत नाही.

तरीही संमतीचे ते तत्त्व इंग्रजी कायद्यालाही लगेच टाकता आले नाही. प्रतिपक्षाने त्याच्या धर्मात बंधनकारक असलेली अमुक शपथ घेतली तर तिने आपण बांधले जाऊ, असे दिवाणी दाव्यातील पक्षकाराने कबूल केल्यास, त्या शपथेवरील साक्ष त्याच्याविरुद्ध निर्णायक मानण्याची तरतूद १८७३ च्या शपथ कायद्यात होती. शपथ शिष्टाचाराला सोडून नसावी आणि तिची झळ तिऱ्हाइताला पोचू नये, इतक्याच तिच्या मुख्य अटी होत्या. १९६९ च्या नव्या शपथ कायद्याने ती तरतूद वगळली.